विहिरीकडच्या खोलीचा प्रोग्राम

माझ्या सासूबाई कोड लिहिणाऱ्या एआयला ‘बाळा’ म्हणतात. मला मात्र लग्न होऊन आल्यापासून ‘अगं ए’. तक्रार नाही, आपली नोंद असावी म्हणून सांगते.

आम्ही दिवेआगरला राहतो. नारळी-पोफळीच्या वाडीत घर आणि घराला लागून पाहुण्यांसाठी चार खोल्या. वादळात निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हापासून घर खोल्यांवरच चालतं. नवरा पनवेलला नोकरीला, शनिवारी येतो. मी एका पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच करते. खोल्यांचा कारभार मात्र पहिल्यापासून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. फोन त्यांच्या कमरेला आणि बुकिंग त्यांच्या डोक्यात. पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायची झाली तर त्या म्हणतात, “ही आमची सून, काम्प्युटरपुढं बसते.” आणि लगेच विषय मोदकांवर नेतात.

गेल्या नाताळात विहिरीकडच्या खोलीसाठी दोन कुटुंबं एकाच वेळी दारात उभी राहिली. आईंनी दोघांनाही शब्द दिला होता आणि त्यातला एक त्यांना अजिबात आठवत नव्हता. त्यातल्या साताऱ्याच्या मंडळींना आम्ही आमची झोपायची खोली दिली. मग सुट्टी संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून मीटिंगा केल्या. मागे सुरमई तळली जात होती आणि तो चुरचुराट ऐकून पुण्यातले सहकारी, तुमच्याकडे पाऊस पडतोय का, असं विचारत होते.

तेवढ्यावर निभावलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण शिमग्यापर्यंत पुन्हा तोच घोळ झाला. नवरा म्हणाला, “आई, आता पुरे. खोल्या ऑनलाइन बुकिंगवाल्यांकडे देऊन टाकू.” आई उठल्या. वाडीत जाऊन पडलेल्या झावळ्या ओढत राहिल्या. परत आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी.

“इसरते मी. म्हाईत हाय मला. पन फोन नेलात तर मी दिवसभर करू काय? तू ती कामं करतेस न्हवं, मला कायतरी करून दे.”

मुलाकडून त्यांनी मे महिन्याची सुट्टी संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. सुट्टीत घोळ झाला नाही तर फोन त्यांच्याकडे, झाला तर कारभार बंद, असं ठरलं.

हल्ली मी स्वतः कोड लिहितच नाही म्हटलं तरी चालेल. काय हवं ते सकाळी नीट सांगायचं. चहा उकळेपर्यंत एआय पानंच्या पानं लिहून ठेवतो, मग मी ती वाचत बसते. चूक सापडली तर बरं वाटतं, नाही सापडली तर मनात पाल चुकचुकते. मला हे आवडत नव्हतं. बोटांना लिहिण्याची सवय होती, अडलं की अंगणात चार फेऱ्या मारून उत्तर घेऊन येण्याची सवय होती, ती सगळी रिकामी पडली होती. कुणी विचारलं की मात्र मी, “मस्त, वेळ वाचतो,” असं सांगायचे.

म्हणून लॅपटॉप पडवीत ठेवला, माईक चालू केला आणि म्हटलं, “आई, तुम्हीच सांगा त्याला.” त्यात थोडा कुचकेपणाही होता. म्हटलं, बघू या हा आमच्या आईंपुढे किती टिकतो ते.

आई सुपारी सोलत बसल्या होत्या. हातातलं काम न थांबवता त्यांनी सुरुवात केली. “हे बघ बाळा, चार खोल्या हायत. चिंचेखालची, विहिरीकडची, वरची आनि नवी.”

स्क्रीनवर खोली एक, खोली दोन असं उमटलं.

“एक-दोन काय? नावं हायत त्यांना.”

त्याने माफी मागितली आणि नावं घातली. पाहुणे किती वाजता खोली सोडतात, असं त्याने विचारलं. “नाश्टा झाला, आंघोळी झाल्या, माझ्याशी बोलून झालं की निघतात.” यावर त्याने सकाळचे दहा असं लिहिलं. मी ते राहू दिलं.

मला ऑफिसातले जुने दिवस आठवले. ग्राहकाला काय हवंय ते काढून घ्यायला महिनाभर बैठका, मग आम्ही लिहिणार, मग तो म्हणणार की असं मी सांगितलंच नव्हतं. इथे ग्राहक मांडी घालून बोलत होती आणि तिच्यादेखत वस्तू तयार होत होती. मध्ये मी नव्हतेच. जरा टोचलं.

दुपारी मी तो कोड वाचायला घेतला. त्याच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या. पण खोली रिकामी आहे का हे तो आधी बघत होता आणि नाव नंतर टाकत होता. मधल्या क्षणात दुसऱ्या कुणी तीच खोली मागितली की दोघांनाही होकार! आमच्या घरातला घोळ जसाच्या तसा त्यातही होता. मी एकटीच मोठ्याने हसले. बघताक्षणी खोली अडवून ठेव, बाकीचं मग, असं त्याला सांगितलं. त्याने लगेच मान्य केलं. कितीतरी दिवसांनी कामात मजा आली.

मे उजाडला. पाहुणे आता फोन करण्याऐवजी मोबाइलवर निरोप पाठवायचे आणि प्रोग्राम खोली बघून परस्पर होकार कळवायचा. एकही घोळ नाही. नवरा खूश. फक्त आईंचा फोन वाजेना. तो मांडीवर घेऊन त्या पडवीत बसून असायच्या.

पूर्वी त्या फोनवर सगळं विचारून घ्यायच्या. कोण, कुठले, मुलं किती, मासे खाता की नाही. पाहुणे फाटकातून आत येईपर्यंत त्यांच्या ओळखीचे झालेले असायचे. आता गाडी थांबली की त्या मला हळूच विचारायच्या, “हे कोन गं?” जेवणं झाल्यावर परत तेच. खोल्या चुकत नव्हत्या, पण आई जास्तच विसरायला लागल्या होत्या.

“बघ, फोनची गरजच राहिली नाही,” नवरा सहज म्हणाला. मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. राग त्याच्यावर होता, प्रोग्रामवर होता, की पानंच्या पानं कोड वाचून त्यात आपलं काहीच न सापडणाऱ्या माझ्यावर, ते मला सांगता आलं नसतं. आईंचं दुखणं मला नेमकं कळत होतं, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लॅपटॉप पडवीत नेला. “आई, तो परस्पर हो म्हणतोय, ते बंद करू या का?”

त्या सावरून बसल्या. “बाळा, तू कुनाला हो म्हनू नको. खोली रिकामी हाय का, तेवढं मला सांग. बोलनार मी.” मग स्वतःच पुढे म्हणाल्या, “आनि ते काय बोलले ते मी तुला सांगीन. गाडी आली की मला आठवन कर.”

मी एकच भर घातली. आईंचं बोलणं संपेपर्यंत ती खोली अडवून ठेवायची, मग ते कितीही लांबो. त्याच दुपारी फोन वाजला. कोल्हापूरचं कुटुंब होतं. आईंनी त्यांच्या मुलीचं बाळंतपण कुठे झालं इथपर्यंत चौकशी केली आणि मग होकार दिला.

सुट्टी घोळ न होता पार पडली. पनवेलला निघताना आईंचा फोन नवऱ्याने स्वतः चार्जिंगला लावला.

मग एक दिवस पडवीतून हाक आली, “अगं ए, ते घेऊन ये.” मी लॅपटॉप घेऊन गेले. आई माझ्याकडे न बघता त्याच्याशी बोलू लागल्या.

“बाळा, मी फोन उचलला न्हाय, न्हायतर माझं बोलनं तुला येडंवाकडं वाटलं, तर हिला विचारायचं.”

यांची नोंद मदतनीस म्हणून करू का, असं त्याने विचारलं.

“मदतनीस कसली? मालकीन हाय ती.”

मी कोड वाचत असल्यासारखी स्क्रीनवर मान खाली घातली. तेवढ्यात त्याचा पुढचा प्रश्न आला. दोन्ही मालकिणींचं मत वेगळं पडलं तर कोणाचं ऐकायचं?

“माझं,” आई ठसक्यात म्हणाल्या. दोन-तीन सुपाऱ्या सोलून झाल्यावर त्या माईककडे वाकल्या आणि म्हणाल्या, “सध्या.”