सिनेमात मरणारा आमचा पाहुणा

थंडीच्या दिवसांत जयपूरच्या हॉटेलात झोप लागणं कठीण. रोज लग्नं, रोज वराती आणि पहाटेपर्यंत बँड. त्या बँडला कंटाळूनच एक म्हातारा अमेरिकन नट आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आला.

आम्ही मूळचे कराडकडचे. ह्यांची विम्याच्या कचेरीतून इथे बदली झाली, मुलाची शाळा इथेच झाली, सिव्हिल लाइन्सच्या मागच्या बाजूला घर झालं आणि सूनही इथलीच मिळाली, जवळच्या चौमू गावची. हे निवृत्त झाल्यावर गच्चीवर एक खोली काढून आम्ही ती पाहुण्यांना द्यायला लागलो. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका हवेलीत परदेशी सिनेमाचं शूटिंग होतं, आणि त्यांना एका माणसासाठी शांत घर हवं होतं.

साहेबांबरोबर एक मदतनीस होती, दिल्लीची, बडबडी. पहिल्याच दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आंटीजी, बस एक बात. सर को काजू-बादाम, किसी भी तरह के नट्स बिल्कुल नहीं. ज़रा-सा भी पेट में गया तो गला बंद हो जाता है. जान जा सकती है."

मी म्हटलं, पोरी, तू निर्धास्त राहा. काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड, चारोळीसुद्धा, सगळं डब्यात भरलं आणि डबा शेजारणीकडे ठेवायला दिला. ह्यांची मसाल्याची बडीशेप बंद केली, न जाणो तिच्यात काही असलं तर! हे त्यावरून तोंड फुगवून बसले. बसू देत. परक्या मुलखातला माणूस आपल्या घरात मरायला नको.

साहेब सत्तरी ओलांडलेले, उंच, जरा वाकलेले. सकाळी टोस्ट आणि उकडलेली अंडी खाऊन जायचे, बाकीचं खाणं शूटिंगवरचं. संध्याकाळी मात्र खाली येऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचे. सून इंग्रजीत एम.ए. झालीय. ती पोळ्या लाटता लाटता त्यांचं बोलणं मला सांगायची, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. ती मला आई म्हणते ते ऐकून साहेबही मला आई म्हणायला लागले. माझ्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा गडी! हे मला म्हणाले, "अभिनंदन, थोरला मुलगा झाला."

त्यांची कहाणी ऐकण्यासारखी होती. बर्फाळ मुलखातलं लहानसं गाव, वडील लवकर गेलेले, आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करायची. साहेब ट्रकवर पोती चढवायचे. शहरात गेले आणि सिनेमात पहिलं काम मिळालं ते मढ्याचं. टेबलावर निपचित पडून राहायचं, एवढंच. इतकं झकास पडले की लगेच दुसरं काम आलं, त्यातही मरायचंच होतं. मग काय, तोच धंदा झाला. कुणी गोळ्या घातल्या, कुणी फासावर दिलं, कुणी बुडवलं. एकदा तर म्हणे हिरोच्या घोड्यानंच लाथ मारून संपवलं. नाव कुणाला ठाऊक नाही, पण चेहरा दिसला की लोक ओळखतात, हा काही टिकत नाही.

एका संध्याकाळी ह्यांनी मोबाइलवर त्यांचा एक सिनेमा लावला. मी चहा गाळून आणेपर्यंत साहेब गेलेले! मी म्हटलं, अहो, जरा थांबायचं तरी.

मरायचं कसं तेही त्यांनी आम्हाला शिकवलं. नवशिके डोळे मिटून घेतात, ते म्हणाले. डोळे मिटायचे नाहीत, उघडे ठेवायचे आणि कुठेच बघायचं नाही. श्वास छातीत घ्यायचा नाही, पोटात घ्यायचा. त्यांनी करून दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडले, "पुरे, पुरे! तिन्हीसांजेला कसले अभद्र खेळ!"

त्यांच्या आईनं पहिल्यांदा सिनेमा बघितला, तेव्हा मुलगा गोळी लागून पडलेला पाहून ती थिएटरातच हंबरडा फोडून रडली. तेव्हापासून मायलेकांचा नेम ठरला. मरायचा सीन झाला की त्याच दिवशी आईला फोन करायचा आणि सांगायचं, "आई, मी जिवंत आहे." ती म्हणायची, "बरं. जेवून घे." झालं, एवढंच बोलणं. आई गेली, पुढे बायको सोडून गेली, मूलबाळ नाही. "आता मेल्यावर फोन करायला कुणी नाही," असं म्हणून साहेब हसले. सुनेनं ते मला मराठीत सांगितलं आणि ती पोळीकडे बघत राहिली. मी त्यांच्यापुढे शिऱ्याची वाटी सरकवली.

हा जयपूरचा सिनेमा त्यांच्यासाठी मोठा होता. आजवर सिनेमा त्यांच्या मरणानं सुरू व्हायचा. ह्यात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत होते आणि सिनेमा त्यांच्या मरणानं संपणार होता. तो शेवटचा सीन तेवढा राहिला होता. त्याच्या आधी एक दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा साहेब म्हणाले, आई, आज तुमच्या घरचं जेवण.

मी उत्साहानं कामाला लागले. वरणभात, बटाट्याची भाजी, पोळ्या, बिनकाजूचा शिरा. काकडीची कोशिंबीर सुनेकडे. तिच्या कोशिंबिरीत कूट कमी असतो, ही माझी तिच्या लग्नापासूनची तक्रार. म्हणून कुटाची बरणी मी स्वतः चिरलेल्या काकडीशेजारी ठेवली आणि आंघोळीला जाता जाता बजावलं, "कूट विसरू नकोस गं! पाहुण्यांच्या पानात आहे." माझ्याच तोंडानं!

मी बाहेर येईपर्यंत सून ताट वर देऊन आली होती आणि वाळलेले कपडे काढायला पुन्हा गच्चीवर गेली होती. मदतनीस मुलगी आमच्याबरोबर खाली जेवायला बसणार होती. मी तिचं पान वाढायला घेतलं. ती ओट्याशी उभी राहून बरणी हुंगत होती.

"आंटीजी, बड़ी अच्छी खुशबू है. ये क्या है?"

"मूंगफली," मी म्हटलं. "भाजून कुटायची. हम लोग सब में डालते हैं."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "सब में?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, काजू-बदाम शेजारी नेऊन ठेवणारी बाई मी, पण कुटाचं मला एकदाही सुचलं नाही! आमच्याकडे कूट म्हणजे मीठ-मोहरीसारखा. तो खातोय हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. हातातला डाव टाकून मी जिन्याकडे धावले, पोरगी माझ्या मागे. जिना चढता चढता मी एकेक पदार्थ आठवत होते. वरणात नाही, भाजीत नाही, शिऱ्यात नाही. तेल सूर्यफुलाचं, ह्यांच्या कोलेस्टेरॉलपायी. कोशिंबीर! देवा, ती कोशिंबीर! मी इकडे आंघोळ करत होते आणि तिकडे माणसाचा गळा आवळला जात होता.

खोलीचं दार उघडंच होतं. साहेब पलंगावर उताणे, तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. शेजारी ताट चाटूनपुसून साफ, कोशिंबिरीची वाटीसुद्धा. आणि डोळे मिटलेले.

डोळे मिटलेले पाहिले आणि मी पलंगाकडे धावले. उघडे असते तर म्हटलं असतं, चाललंय नाटक.

"साहेब! अहो साहेब!" मी त्यांचा खांदा धरून गदागदा हलवला. तेवढ्यात असं घोरणं ऐकू आलं की खिडकीची काच हलावी. साहेब दचकून उठून बसले. समोर मी रडतेय, मदतनीस पर्समधलं गळा उघडायचं इंजेक्शन हातात घेऊन उभी, आणि जिन्यातून ह्यांची हाक, "काय झालं? काय झालं?"

तिनं त्यांना सांगितलं. साहेबांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं आणि हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावला. ते अजिबात ओरडले नाहीत. त्यांनी नुसती मांडी पुढे केली, सुई टोचायला. इतक्या वेळा पडद्यावर मेलेला तो माणूस, पण त्यानं माझा हात घट्ट धरला होता. ते मला अजून आठवतं.

मदतनीस सुई टोचणार तेवढ्यात सून कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात आली. "काय झालं, आई?"

"कूट! कोशिंबिरीत कूट किती घातलास?"

तिनं कपडे खाली ठेवले. मान खाली घातली. "आई, रागावू नका. मी कूट टाकलाच नाही."

"म्हणजे, आज विसरलीस?"

"आज नाही. मतलब... कधीच नाही टाकत. भिजला की मला नाही आवडत. फक्त तुमच्या वाटीत वरून भुरभुरते, तुम्हाला दिसावा म्हणून. आणि आज तर चमचापण वेगळा होता, बरणीला हात नाही लावला."

मग माझा जीव जो भांड्यात पडला! एरवी ह्यावरून घरात महाभारत झालं असतं. इतकी वर्षं सासूच्या डोळ्यांत कूट फेकत होती, लबाड! मी तिला जवळ ओढलं, तिच्या गालांचे मुके घेतले आणि म्हटलं, "अशीच लबाड राहा गं माझे आई." हे दारात बसकण मारून हसायला लागले. मदतनीस हसता हसता रडली. साहेबांना सगळं समजावून सांगेपर्यंत पाच मिनिटं गेली, मग तेही हसले, अगदी पोट धरून. मी खाली जाऊन मीठ-मोहरी आणली आणि त्यांची दृष्ट काढली. ते गुमान बसून राहिले.

त्याच संध्याकाळी कुटाची बरणीही शेजारणीकडे गेली. ती म्हणाली, आता चूल तेवढी आणून ठेवा.

दुसऱ्या दिवशी साहेब पहाटेच हवेलीवर गेले. तिकडे ते आज मरणार हे मला ठाऊक होतं, खोटंखोटं मरणार हेही ठाऊक होतं, तरी दिवसभर हाताला काम लागेना. दुपारी वरण करपलं. सून म्हणाली, आई, तुम्ही बसा जरा. ती कुठे स्वस्थ होती, दर थोड्या वेळानं फोन बघत होती.

दिवेलागणीला माझा फोन वाजला. मागे माणसांचा गलका, टाळ्या, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं. मग साहेबांचा आवाज आला. सुनेकडून त्यांनी शब्द पाठ करून घेतले होते, मला पत्ताच नव्हता.

"आई," ते म्हणाले, सावकाश, एकेक शब्द जुळवत. "मी... जिवंत... आहे."

उत्तर काय द्यायचं ते मला ठाऊक होतं.

"बरं," मी म्हटलं. "घरी ये. जेवून घे."