सखारामने घासलेले वॉल्व्ह

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला सांगावं लागलं नाही, तिला तेव्हाच कळलं होतं. तुला सांगतोय — पण मान खाली घालून सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

संपाचे दिवस. आमची घोडपदेवची चाळ, खोली-खोलीत कामगार बसून. मी गिरणीत फिटर, शेजारचा सखारामही फिटर. महिने गेले तशी तेला-ग्रीसची काळी जाऊन आमची नखं पांढरी झाली. फिटरची नखं पांढरी! बघवत नव्हती रे. आणि कामावर जाईल तो फितूर. त्याच्या हातात बांगड्या भरायच्या, भर गॅलरीत, सगळ्यांसमोर.

मी गेलो. गिरणीत नाही — दादरला, मॅनेजरच्या बंगल्यावर. बागेत गवत कापायचा छोटा विलायती ट्रॅक्टर गंजत पडला होता, साहेबाच्या बापाच्या वेळचा. पोटासाठी गेलो म्हणू? पोट होतंच. पण खरं सांगू — इंजिन उघडलं आणि माझ्या जिवात जीव आला. पिस्टन जाम. रॉकेलमध्ये भिजवला, लाकडाचा ठोकळा लावून ठोकत ठोकत सोडवला, रिंगा बदलल्या. चाळीत सांगायचो, मामा आजारी आहे. घरी शिरण्याआधी नखं राखेने घासायचो. याची मला लाज नाही. साहेबाचं गवत कापलं गेलं म्हणून संप बुडाला का? हट्!

मग लाज कशाची? थांब, येतोच तिथे.

वॉल्व्ह राहिले होते. खड्डे पडलेले, ते पेस्ट लावून घासायचे, आणि त्या कामात सखारामच्या तोडीचा कुणी नव्हता. सिलिंडरसकट पिशवीत घालून त्याच्याकडे नेले. म्हटलं, भाऊच्या धक्क्यावरच्या एका कोळ्याच्या होडीचे आहेत.

"होडयेचे मां?" तो म्हणाला. "मगे हाड हकडे."

आण म्हणाला इकडे, बस्स. दुसरा प्रश्न नाही.

तेवढ्यात बंगल्याच्या माळ्याने कुठेतरी तोंड उघडलं — घोडपदेवचा कोणी फिटर साहेबाचं इंजिन बांधतोय म्हणे. चाळ पेटली. आणि सखाराम? दारात बसून वॉल्व्ह घासत होता. उघड्यावर. त्याला लपवायचं काय होतं? पोरं भोवती जमली. कुणाचं इंजिन हे? होडीचं. कुठल्या होडीची? कुणी आणून दिलं?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गर्दीत, पुढेच उभा होतो. एक शब्द पुरला असता. मी दोन बोललो — "बांगड्या भरा!"

सगळ्यांत आधी मी ओरडलो. नंतर बाकीचे.

बांगड्या कुणाकडे होत्या? माझ्याकडे. बायकोने गौरीच्या ओटीसाठी जपून ठेवलेला हिरवा चुडा. मी घरात शिरून फळीवरून काढला. ती चुलीपाशी बसली होती. माझ्या नखांकडे बघत म्हणाली, "तुमच्याच हातात भरा की."

मी बाहेर आलो. सखारामच्या हातात त्या चढेनात, पंजा केवढा त्याचा! दोन फुटल्या, रक्त आलं. मनगट मी धरलं होतं. तो माझं नाव घेईल म्हणून मी वाट बघत होतो — त्याने घेतलं नाही. का नाही घेतलं? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तो बायकापोरांना घेऊन गावी गेला, कायमचा. तो गेला त्या सकाळी माझ्या दाराशी पिशवी होती. आत सिलिंडर, चिंधीने पुसलेला, वॉल्व्ह जागेवर. मी वर पेट्रोल ओतून पाहिलं. एक थेंब गळला नाही. मधेच उठवलं होतं त्याला, तरी नंतर काम पुरं केलं होतं.

ती पिशवी नाल्यात टाकली असती तर आज गोष्ट बरी वाटली असती. नाही टाकली. सरळ दादरला गेलो, सगळं बसवलं, दोरी ओढली. इंजिन पहिल्याच दमात लागलं. काय सुरेख आवाज होता तो! मी त्या बागेत उभा राहून हसलो — अगदी मनापासून.