हरिहररावांच्या पायगाडीचं तेल

मला सगळं कळतं, असं माझी बायको सुमती म्हणते, आणि ती ते कौतुकाने म्हणत नाही. ठाण्याच्या कचेरीत दप्तर सांभाळण्यात माझा जन्म गेला. कुठला कागद कुठल्या रुमालात बांधलाय ते मी डोळे मिटून सांगतो. अशा माणसाला हळूहळू वाटायला लागतं की जगातलं सगळंच आपल्याला विचारून चाललेलं आहे. हरिहरराव कर्णिकांची गोष्ट सांगायची तर आधी माझी ही खोड सांगावी लागते, म्हणून सांगितली.

हरिहरराव आमचे शेजारी. तळ्यामागच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घर. सरकारी नोकरी, काम देवी टोचण्याचं. लाकडी पेटीत सुया आणि लस घ्यायची आणि कल्याण तालुक्यातली खेडी पालथी घालायची. गावात शिरले की आया पोरं लपवायच्या, कोणी कोणी अंगावर कुत्री सोडायचे. एवढं सोसून माणूस घरी यावा, तर दिवा लावायलाही घरात कोणी नाही. बायको प्लेगच्या पहिल्या सालात गेली. मुलगी एकच, उत्तरा. तिचं लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालेलं.

उत्तरेचं सासर गिरगावात. लग्नात विहीणबाईंना पानावर उशिरा बोलावलं, असलं काहीतरी खुसपट निघालं आणि तेव्हापासून त्या लोकांनी पोरीला माहेरी म्हणून पाठवलं नाही. आई गेली तेव्हाही नाही; तेव्हा प्लेगचं निमित्त सांगितलं. हरिहरराव दोनदा गिरगावात जाऊन आले. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही ही आमच्यातली रीत, म्हणून ओटीवर कोरडेच बसले. दोन्ही वेळा आतून निरोप आला की सूनबाई कामात आहेत. मी चिडलो. म्हटलं, सरळ आत शिरा आणि पोरीला हाक मारा. ते म्हणाले, त्याचं उट्टं मग तिच्यावर काढतील. तिसऱ्यांदा काही ते गेले नाहीत.

आता पायगाडी. त्यांच्या खात्यातला एक गोरा डॉक्टर विलायतेला परत जाताना आपली बायसिकल यांना देऊन गेला. ठाण्यात तेव्हा असल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गल्ली लोटली बघायला. महिनाभर हरिहरराव पडत होते आणि सुमती भिंतीवरून हळदीची वाटी देत होती. पण जमलं एकदाचं. पुढे पेटी पाठीला बांधून ते असे जायचे की कुत्र्यांना पळता भुई थोडी व्हायची.

गाडीला तेल देण्याचं काम मात्र डॉमनिकचं. हा कोलशेतचा ख्रिस्ती, त्या गोऱ्या डॉक्टरचा घोडेवाला. साहेब गेल्यावर घरी राहून खाडीकाठची शेती आणि मासळी बघायचा. दर पंधरा दिवसांनी रविवारी हरिहरराव गाडी घेऊन त्याच्याकडे जायचे. तो चाक खोलायचा, पुसायचा, तेल द्यायचा. त्याची बायको लुसी शहाळं फोडून द्यायची, कारण शहाळ्याला शिवाशिव नाही. डॉमनिक दर खेपेला सांगायचा की तुम्हीच शिकून घ्या, पाऊण तासाचं काम आहे. हरिहरराव दर खेपेला म्हणायचे, पुढच्या वेळी. मी त्यांची टर उडवायचो, की सरकारी हात काळे व्हायला घाबरतात वाटतं. ते नुसते हसायचे.

मग अठराशे नव्याण्णवच्या दिवाळीनंतर डॉमनिक आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या कामावर गेला. आणि डिसेंबरात उत्तरेचं पत्र आलं.

ते पत्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. अक्षर सुरेख होतं. त्यांनीच तिला लिहायला शिकवलेलं. नवऱ्याला जबलपुरास नोकरी लागली, येत्या मंगळवारच्या मेलने दोघंच निघतोय, सासूबाई बरोबर नाहीत. कल्याणला सकाळी साडेआठला गाडी येते आणि वीस मिनिटं थांबते. शेवटी लिहिलं होतं, "बाबा, मी फलाटाच्या बाजूच्या खिडकीत बसेन. पुन्हा इकडे कधी येणं होईल ते सांगता येत नाही." जवळजवळ चार वर्षांत बापाने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. मिळायची होती ती ही वीस मिनिटं.

घोटाळा असा की त्याच आठवड्यात त्यांचा मुक्काम आंबिवलीच्या पुढे, नदीपलीकडच्या एका खेड्यात. सोमवारी वरिष्ठ तपासणीला यायचे होते, त्यामुळे रजा नाही. मंगळवारी सकाळी तिथून कल्याण पाच कोस. बैलगाडीने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. अंधारात त्या वाटेने जाता येत नाही, पण फटफटायला लागल्यावर पायगाडीवर टांग मारली तर पावणेआठला फलाटावर. सगळी मदार त्या गाडीवर.

शनिवारी निघण्याआधी त्यांनी अंगणात चाक फिरवून पाहिलं, तर ते किंचाळायला लागलं. डॉमनिक गेल्यापासून गाडीला तेलच नव्हतं. ते भिंतीवरून म्हणाले, की कोलशेतला जाऊन लुसीबाईंना विचारून येतो, नवऱ्याच्या हाताखाली ती सगळं करायची. मी म्हटलं, "अहो, बाईमाणसाला काय विचारता? तेल ते तेल. खोबरेल घाला!"

आपल्याकडे कुलूप अडलं, खोबरेल. बिजागरी करकरली, खोबरेल. पोराचं डोकं, देवाची समई, सगळं त्याच्यावर चालतं. मग चाकाला काय धाड भरली आहे? मी स्वतः उठलो आणि पायरीवर उन्हात ठेवलेली सुमतीची बाटली उचलून आणली. थंडी सुरू झाली की सुमती ती बाटली रोज सकाळी उन्हात ठेवते, कारण रात्रीत तेल थिजून पांढरं दगड झालेलं असतं. हे मी लग्न झाल्यापासून बघतोय. तरीही त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. चाकांच्या भोकांत, साखळीवर, पाय ठेवायच्या पायट्यांत, हात सैल सोडून ओतलं. चाक गरगर फिरायला लागलं, आवाज बंद. मी वर आणखी एक छोटी बाटली भरून दिली. सांगितलं, सोमवारी निजायच्या आधी पुन्हा एकदा सढळ हाताने घाला.

बुधवारी संध्याकाळी ते परत आले. मी भिंतीशी वाट बघतच होतो. काय झालं, विचारलं. ते म्हणाले, "भेट झाली, अण्णा. वीसच्या वीस मिनिटं."

मग किती सांगितलं त्यांनी! उत्तरा उंच झाली आहे, अगदी आईवर गेली आहे, हिरवं लुगडं नेसली होती, करंज्या डब्यात घालून आणल्या होत्या. एका टाचेला फडकं बांधलेलं दिसलं, तर म्हणाले, नवी वहाण लागली. मी दुसऱ्या दिवशी कचेरीभर सांगत सुटलो की बापलेकीची भेट आमच्या खोबरेलाने घडवली. लोक हसले, मीही हसलो.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, येताना साखळी तुटली, कोलशेतला जातो, येता का? गेलो. आम्ही दोघं गाडी हाताने ढकलत गेलो. लुसी अंगणात सुकट निवडत होती. तिने हात धुतले, पाट घेतला, चाक काढलं आणि मधला भाग उघडून आमच्यापुढे धरला. आत धूळ आणि तेल यांचा काळा-पांढरा गोळा बसला होता, मेणासारखा घट्ट. तिने नखाने उकरून वास घेतला आणि विचारलं, यात खोबरेल कोणी घातलं?

"मी घातलं," हरिहरराव चटकन म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी, कधी तोंड मिटून न बसणारा माणूस, गप्प राहिलो. मनात म्हटलं, भेट तर झाली ना, मग एवढं काय. वाटेत गाडी जड गेली का, तेवढं हळूच विचारलं. थोडी जड गेली, ते म्हणाले.

त्या दिवशी ते शिकले. लुसी सांगत होती आणि ते करत होते. आधी जुनं तेल काढायचं, त्यावर नवं घालायचं नाही. पत्र्याच्या डब्यात घासलेट घेऊन त्यात साखळी बुडवायची. चाकातले छर्रे वाटीत मोजून काढायचे, धुवायचे, जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडे करायचे. मग शिंप्याकडे यंत्राला घालतात ते पातळ तेल, थेंब थेंब, तीनच थेंब. मग चाक फिरवायचं आणि कान देऊन ऐकायचं. पहिल्यांदा दोन छर्रे खाली सांडले, ते आम्ही तिघांनी मातीत शोधले. दुसऱ्यांदा त्यांचं त्यांनी खोललं आणि बसवलं. तुटलेली साखळी लुसीच्या लोहार शेजाऱ्याने सांधून दिली. हात कोपरापर्यंत काळे. लुसी म्हणाली, आता तुम्हाला आमची गरज नाही.

येताना मी विचारलं, एवढं सोपं होतं तर आधीच का नाही शिकलात? ते म्हणाले की शिकलो असतो तर रविवारी जायचं कुठे, अण्णा? आणि खरंच, नवरा परदेशी गेलेल्या बाईच्या अंगणात कारणाशिवाय जाऊन बसणं त्यांना बरं दिसेना. ते पुन्हा कोलशेतला गेले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी ते अंगणात एकटेच गाडी उघडून बसायचे. भिंतीपलीकडून मला छर्रे वाटीत पडल्याचा आवाज यायचा, मग खूप वेळ नुसतं फिरणारं चाक. गाडीला गरज असो नसो. मी एकदा ओरडलो, की अहो, झिजेल ती! ते म्हणाले, असू दे. भिंत ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन बसावं असं मला सुचलं नाही. आज त्याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या भाद्रपदात हरिहरराव तीन दिवसांच्या तापाने गेले. जबलपुरास तार मी केली. दहाव्याला उत्तरा नवऱ्याबरोबर आली.

ती दारात उभी राहिली. लग्नात होती तेवढीच बुटकी होती. तोंडावळा सगळा हरिहररावांचा, आईचं तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. तरी मी म्हटलं, की पोरी, कल्याणला भेट झाली तेव्हापासून तुझे बाबा तुझ्याबद्दलच बोलत होते, तुझं हिरवं लुगडं, त्या करंज्या.

"बाबा आलेच नव्हते, अण्णाकाका," ती म्हणाली. "गाडी हलेपर्यंत मी खिडकीत उभी होते."

नंतर तिला त्यांचं पत्र आलं होतं. ट्रंकेतून काढून तिने मला वाचायला दिलं. पहाटेच्या गारठ्यात चाकांतलं तेल थिजलं, असं त्यात लिहिलं होतं. पायटे वळेनात, जोर केला तर वाटेत साखळी तुटली. गाडी एका शेतकऱ्याच्या दारात टाकून पुढचे तीन कोस धावत आलो, वहाण तुटली तशीच टाकली. फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा वळणावर दिसत होता. आणि खाली लिहिलं होतं, "चूक माझी. मला तेलातलं काही कळत नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही."

मी ते पत्र घडी करून तिच्या हातात दिलं. ओठांवर आलं होतं, पण तिच्यापुढे शब्द फुटला नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय! तेरावं झालं, घर रिकामं केलं, जाताना ती पायगाडी माझ्याकडे ठेवून गेली. बाबांचे शेजारी म्हणजे तुम्हीच, असं म्हणाली.

मला ती चालवता येत नाही, या वयात येणारही नाही. महिनाभर पडवीत उभी होती. एका रविवारी सहज चाक फिरवलं तर ते किंचाळलं. मी गाडी ढकलत कोलशेतला गेलो.

लुसीने विचारलं, देवीवाले राव नाही आले? मी सांगितलं, ते गेले. ती कपाळावरून छातीपर्यंत क्रूस करून खाली बसली. मग मी तेही सांगून टाकलं, की त्या दिवशी खोबरेल त्यांनी नव्हतं घातलं, मी घातलं होतं, आणि त्याच्यापायी काय झालं.

"तुम्हीच घातलं ते मला तेव्हाच समजलं होतं," लुसी म्हणाली. "मी विचारलं तेव्हा तुम्ही खाली बघत होता. आणि ते तुमच्याकडे बघायचं टाळत होते."

ती उठली, आतून घासलेटचा डबा आणि वाटी घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. मी बाह्या सारल्या आणि चाक काढायला बसलो.