वस्तादांचा कोपरा

आधी ती लाथ सांगतो. बाकीचं मागाहून येईल.

मुरबाडच्या बाहेर, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात हुतूतूचा डाव चाललेला. पाणी मारून, धुमसानं ठोकून माती अशी बसवलेली की वर भात वाढून घ्यावा. आणि एक पोरगा दम घेऊन आत शिरला. सिद्धगडाच्या माचीवरच्या वाडीतला, काळा, काटक, मिसरूड नुकतं फुटलेलं. शिरला म्हणजे कसा? मांजर दुधाकडं जाते ना, दुधाकडं न बघता, तसा. हुतूतू हुतूतू हुतूतू, आवाज एकसारखा, जात्यातल्या घरघरीगत. सगळ्यांना वाटलं हा डावीकडं जातोय. आणि डावा पाय जागच्या जागी फिरला, उजवा मागून वर आला, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या आमच्या वस्तादांच्या छातीवर फाटकन!

मी मधल्या रेघेवर पंच म्हणून उभा. माझ्या तोंडातून "वा!" निघून गेलं. पंचानं वा म्हणायचं नसतं. निघालं, त्याला काय करू?

आता लाथ लागल्यावर गडी काय करतो? पळतो. रेघ गाठतो. हा थांबला! थांबला, वाकला, वस्तादांच्या दोन्ही पायांना हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला. दम तुटला ना. बाकीचे सगळे त्याच्यावर पडले. ढिगाऱ्याखालून त्याचा आवाज आला, "पाय लागला वो, वस्ताद. माफी करा."

खाचरभर हसू. बांधावर बसलेली माणसं तर लोळायला लागली.

आता हे सगळं काय होतं ते सांगतो. जर्मनची दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या गिरण्या रातदिस धडधडत होत्या, आणि एका गिरणीचा हुतूतूचा संघ होता, त्यात मी होतो. मी वाशिंदकडचा. कागदावर सूतखात्यात, खरं काम खेळणं. जो गडी संघात गेला त्याला गिरणीत जागा, चाळीत झोपायला कोपरा, मग जन्माची भाकर. म्हणून दर साली शिमग्याच्या आधी शहापूर-मुरबाडातले पोरगे निवडायला आमची माणसं यायची. पोरगे देवळाच्या मंडपात राहायचे, सकाळ-संध्याकाळ खेळायचे, आणि आमी बघायचं. त्या साली मला पाठवलं, का तर मला इकडची बोली येते. मी तर हवेत! काल-परवापर्यंत मीच असा निवडून घ्या म्हणत उभा होतो.

निवडणारे खरे दोघं. एक जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं भरणारा मुकादम. छत्री लावून बाकड्यावर बसायचा आणि प्रत्येक पोराला नाव ठेवायचा. आणि दुसरे वस्ताद. पन्नाशीचे, कानाजवळ पिकलेले, एके काळी ह्या संघाचा उजवा कोपरा म्हणजे तेच. वस्तादांची बघायची रीत वेगळीच. पोरगा चढाई करून आला की लोक त्याच्याकडं बघायचे, वस्ताद मातीकडं. ओल्या मातीवर पावलं उमटायची ना, ती वाचायचे. "हा टाचेवर पडतो. उशीर होणार ह्याला." "हा भितो, बघ, परतीची पावलं लांब लांब." सिद्धगडच्या पोराची पावलं बघून ते उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "टाच कुठं हाय?" मी शोधली. नव्हती. नुसते चवडे. "डोंगर उतरून उतरून झालंय हे," म्हणाले. "हे शिकवून येत नाय."

आणि शेवटची परीक्षा त्यांची एकच. जो मनात भरला त्याच्यासमोर स्वतः कोपऱ्यात उभे राहायचे. डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात द्यायचे, आणि म्हणायचे, "माझा कोपरा मारला, तो माझा."

ह्यानं कोपरा मारला. आणि वाकला.

संध्याकाळी जॉबर म्हणाला, "त्या डोंगऱ्याला घरी धाडा. उद्या गिरणी-गिरणीच्या सामन्यात समोर एखादा टकल्या आला तर हा त्याच्या पाया पडत बसणार. कप काय अंगारा म्हणून आणायचा?"

वस्ताद म्हणाले, "लाथ बघितलीस का?"

"बघितली. मागची पूजा पण बघितली."

"एक दिवस द्या त्याला."

मी लगेच, "मी शिकवतो!" मला कोणी विचारलं नव्हतं.

देवळामागं गेलो त्याला घेऊन. म्हटलं, मार मला. त्यानं मारली, मी दोन हात मागं जाऊन बसलो, बरगडी हलली माझी. हा हसत उभा.

"मग आता नाय वाकलास ते?"

"तू आमच्याच वयाचा रे! तुला कशाला?" मग डोकं खाजवत म्हणाला, "मोठ्या माणसाला पाय लागला का माजा हात आपोआप जातो, दादा. मी नाय करत. हातच करतो."

खरं सांगू? मला पण तसंच शिकवलेलं. आपल्याकडं झोपेत पाय लागला तरी हात कपाळाला जातो. पण मुंबईला दोन वर्सं काढल्यावर माझं ते गेलं होतं, आणि कधी गेलं ते मला कळलंच नव्हतं.

त्याचा बाप बरोबर आला होता. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, गाठोड्यात नागलीच्या भाकरी नि सुकट. दिवसभर बांधावर गप बसायचा, हसणाऱ्यांत हसायचा नाय. तो आमच्याजवळ आला नि मला म्हणाला, "दादा, हे येक पोर तरी डोंगराखाली उतरू दे. माजे थोरले दोघं वरच ऱ्हायले. ह्याला घ्या."

म्हटलं, "बाबा, घ्यायला वस्ताद तयार हायेत. ह्याचा हात ऐकत नाय."

बाप भाकर मोडता मोडता थांबला. पोराला म्हणाला, "का रं, नांगर घालतो तवा भुईच्या पाया कवा पडतो? आधी का मागनं?"

"आधी."

"तिच्या छातीवर फाळ घालायचाच असतो ना? म्हून आधी पडतो. मंग?"

पोरगा बापाकडं बघतच राहिला. मी तर उडीच मारली! एवढं सोपं! आधी माफी मागून घ्यायची, मग काय मारायची ती मार! मी धावत जाऊन वस्तादांना सांगितलं. ते एवढे हसले की ठसका लागला. म्हणाले, "बाप पण घेऊ का संघात?"

सकाळी डाव लागला. पोरगा रेघेवर आला, पण दम घेण्याआधी पलीकडं गेला आणि ओळीनं सगळ्यांच्या पाया पडत सुटला. एक शहापूरचा पोरगा मागं सरकला. "ए, मी तुज्यापरीस लहान हाय रे!"

"ऱ्हाऊ दे. म्होरं मोठा होशील."

बांधावर हसू, पण कालच्यासारखं नाय. जॉबरनं सुद्धा छत्री मिटली. शेवटी वस्ताद. त्यांनी टोपी काढून माझ्याकडं दिली, पोराच्या डोक्यावर हात ठेवला नि मोठ्यानं म्हणाले, "माफ! सात जन्माचं माफ. आता ये, आणि मागं बघितलंस तर याद राख."

काय आला तो! अरे, काय आला! कालचा पोरगा बांधलेला होता, हा सुटलेला. कोपऱ्यात गेला, हुलकावणी दिली, वस्ताद फसले नायत, पुढं झेपावले, हा उलटा फिरला आणि लाथ. आवाज मला अजून ऐकू येतो. आणि ह्या वेळी तो वाकला नाय. मागं बघितलं नाय. आमी सगळ्यांनी जसं सांगितलं होतं, अगदी तसं. झेप टाकून रेघेवर आला, दोन्ही हात वर केले, आणि माझ्याकडं बघून हसला. दात पांढरे शुभ्र.

मी हसत नव्हतो. मी त्याच्या मागं बघत होतो.

खाचराचा कोपरा तो. तिथं बांध होता, उन्हानं दगड झालेला. वस्ताद मागं जाऊन त्या बांधावर खांद्यानं आपटून पडले होते.

पोरानं माझं तोंड बघितलं आणि मग वळला. त्याचे वर केलेले हात खाली यायला किती वेळ लागला!

हाडवैद्याला आणलं, त्यानं बांबूच्या कामट्या लावून खांदा बांधला. वस्ताद ओठ चावत होते, पण बोलत काय होते? "घेतला. हा पोरगा घेतला. जॉबर, ऐकलंस का?" आणि जॉबर, तो जॉबर, म्हणाला, "घेतला, वस्ताद. तुमी गप पडा." टोपी माझ्याच हातात होती. कुणाला द्यायची ते सुचेना.

पोरगा रात्री जेवला नाय. सकाळी बापाला घेऊन आला, वस्तादांच्या खाटेपासून लांब उभा राहिला आणि म्हणाला, "मी नाय येत."

वस्ताद म्हणाले, "खेळात लागतं रे."

"लागतं."

"मी माफ केलं होतं ना? सगळ्यांसमोर केलं होतं."

"व्हय. पायाला नाय कळलं ते."

वस्ताद उठले. आमी नको नको म्हणत असताना तसेच, हात गळ्यात बांधलेला, खाचरात जाऊन कोपऱ्यात उभे राहिले. बांधापासून चांगले आत. "ये! मार! एकदा मारलीस का सुटशील. ये, माझ्या पोरा!"

तो आला. दम घेतला. पावलं तीच, चवड्यावरची. जवळ गेला, डावा पाय फिरला, उजवा उचलला, आणि गुडघ्यापर्यंत येऊन पाय तसाच खाली आला. परत उचलला. परत तेवढाच. हुतूतू चालू होतं त्याचं, दम कुठं तुटत नव्हता, नुसता पाय वर जात नव्हता. वस्ताद ओरडत होते, "मार ना रे, मार ना!" आणि त्यांचा आवाज असा झाला की बांधावरची माणसं उठून गेली. शेवटी पोरगाच गप झाला. वाकला, त्यांच्या पायांना हात लावला. ह्या वेळी कोणी त्याच्यावर पडलं नाय.

जॉबर हळूच म्हणाला, "असा पाय नेऊन काय करू मी?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

बाप गाठोडं उचलत होता. मला म्हणाला, "मीच सांगितलं वो. आधी पड म्हून." वस्ताद म्हणाले, "बाबा, तुमी बरोबरच सांगितलंत." बाप मान हलवत राहिला, आणि दोघं सिद्धगडाच्या वाटेला लागले. पोरगा पुढं. चवड्यावर.

मला कुणाचा राग येतो म्हणाल तर त्या बांधाचा. हातभर लांब असता तर! वस्तादांनी दुसरा कोपरा घेतला असता तर! पोरगा आमच्या संघात असता, चाळीत माझ्या शेजारी झोपला असता, मी त्याला पहिल्यांदा समुद्र दाखवला असता. हे सगळं मी मनात इतक्यांदा केलंय की कधी कधी झालंय असंच वाटतं.

मागच्या साली म्हसा गावच्या जत्रेत दिसला. बैल बघत होता. थोडा भरलाय. मी गर्दीतून ओरडतच गेलो, त्यानं ओळखलं, हसला, पण तसा नाय. म्हटलं, "वस्ताद विचारतात रे तुला. दर साली इकडं यायच्या आधी विचारतात. म्हणतात, तो येतोय का बघ. अजून जागा हाय म्हणतात."

त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "हात बरा हाय त्यांचा?"

"बरा हाय ना! एकदम बरा!"

"वर जातो?"

"जातो की."

"कुठवर?"

दाखवायला मी माझा हात वर नेला. पार डोक्यावर न्यायचा होता. मनात होतंच तसं. पण गेली किती वर्सं मी वस्तादांना रोज बघतोय, आणि माझा हात खांद्यापाशी आला आणि तिथंच थांबला. मी नाय थांबवला.

तो माझ्या हाताकडं बघत राहिला.

"मंग टोपी कोण घालतं त्यांना?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "त्यांच्या घरच्या वहिनी घालतात."

"बरं," म्हणाला. मग वाकून बैलाचे खूर बघायला लागला, आणि बराच वेळ बघत राहिला.