लाल दोऱ्याची गाठ

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं घरचे म्हणतात. असेल. पण त्या रागापायी एका घोडीची पाठ सोलली, हे मी पोरांना कधी सांगितलं नाही.

अमरावतीला आमच्या घरी घोड्याचं सामान व्हायचं. जीन, लगाम, जीन पोटाखालून आवळायचा तंग, सगळं. मोटारी आल्या होत्या, नाही असं नाही. पण पावसाळ्यात वऱ्हाडच्या काळ्या चिखलात मोटार बसली की बसली. फिरतीच्या साहेबांना घोडं लागायचंच. पुढच्या खोलीत बाबा कातडं कापायचे, मागच्या खोलीत आईची चूल. भाकरीलाही कातड्याचा वास येतो म्हणून ती रोज कुरकुरायची. मला तो वास फार आवडायचा. अजूनही नवी चप्पल नाकाशी नेली की डोळे भरून येतात. हसतात सगळे, हसू देत.

बाबांची नजर कमी झाली तशी शिवण माझ्या हाती आली. मेण लावलेला एक दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडायचं आणि दोन्हीकडून सुया ओढून टाका घट्ट बसवायचा. पण गिऱ्हाइकाला हे सांगायचं नाही. पोरीनं शिवलेल्या जिनावर कोण बसणार? कोणी शिवणीची तारीफ केली की बाबा नुसती मान हलवायचे, आणि आत माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या वर्षी शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले. भातकुलीकडच्या शाळांसाठी त्यांनी नवी घोडी घेतली होती. बाबांनी तिची पाठ हातानं चाचपली, दोरीला गाठी मारत माप घेतलं, आणि नेहमीचं बोलले: आपल्या जिनानं आजवर एकाही जनावराची पाठ सोलली नाही. या एका शब्दाखातर अकोल्याहूनही लोक आमच्याकडे यायचे.

जीन तयार झालं. घोडीच्या पाठीला टेकणाऱ्या खालच्या गादीवरून बाबांनी तळवा फिरवून काही टोचतं का ते पाहिलं आणि आंघोळीला गेले. तेवढ्यात मी ते उलटं केलं आणि गादीवर लाल दोऱ्याचं छोटंसं फूल काढलं. माझी खूण. वर काढायची छाती नव्हती, आणि खाली कोण बघतं? गाठ मारून दोरा तोडला आणि साळसूद होऊन बसले.

पंधरा दिवसांनी साहेब घोडीचा लगाम धरून पायी आमच्या दारात आले. घोडीच्या पाठीवर रुपयाएवढी जखम. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबांनी जीन मांडीवर उलटं घेतलं, तळवा फिरवला, आणि त्यांचं बोट माझ्या गाठीवर थांबलं. मी दाराआड उभी होते.

"माप चुकलं, साहेब," बाबा म्हणाले. "नजर गेली माही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घोडी आमच्याकडे ठेवून साहेब टांग्यानं गेले. रोज मी जखम धुवायची, हळद आणि तेल लावायची. पहिल्या दिवशी तिनं लाथ उगारली. पुढे पुढे खांद्याला नाक घासायला लागली. त्यानं तर मला अजूनच रडू यायचं. आई म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. जखम भरली तेव्हा कुठे बाबांनी जीन माझ्यापुढे ठेवलं, त्यावर लाल दोरा ठेवला.

"ते फूल काढ. आन् नाव लावाचं असन त वर लाव, लोकायले दिसन असं. खाली घोडीची पाठ हाय."

मी फूल उसवलं. पुढच्या बाजूला, स्वाराचा हात टेकतो तिथे, लाल टाके घातले. त्यातला एक वाकडा आला. मी तो उसवायला निघाले तर बाबांनी उसवू दिला नाही.

साहेब घोडी न्यायला आले. लाल टाक्यांवर बोट ठेवून म्हणाले, "ही तुमची खूण का?"

"नाही. माह्या पोरीची. सारं जीन तिनंच शिवलं." बाबांनी घोडीच्या पाठीवर हात ठेवला. "आन् माप चुकलं नव्हतं, साहेब. मी खोटं बोललो. तिची गाठ टोचली घोडीले."

साहेबांनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता जीन परत करणार आणि बाबांचं नाव माझ्यामुळे जाणार. त्यांनी जीन उलटं करून माझ्यापुढे धरलं.

"मग हात तूच फिरव."

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"काही नाही टोचत," मी म्हटलं.

त्यांनी तंग आवळला आणि घोडीवर बसून निघून गेले. त्यानंतर बाबांनी एकाही गादीवर हात फिरवून पाहिला नाही. ते काम माझं झालं.