एका चावीला तीन शब्द

मिलच्या बाबूने पेन परत घ्यायला हात पुढे केला आणि माझ्या नवऱ्याने पेनाबरोबर घराची चावीही त्याच्या हातावर ठेवली.

चावी कोणी मागितली नव्हती. मिलच्या ऑफिसातली दोन माणसं चाळीत यादी करायला आली होती. कोणत्या खोलीत कोण राहतं एवढंच लिहून त्यापुढे सही घेत होती. मिल बंद होऊन चार महिने झाले होते. खोल्या मिलच्या, त्या आता मालकाला रिकाम्या हव्या होत्या. युनियनवाल्यांनी सगळ्यांना बजावलं होतं की काही झालं तरी चावी हातातून सोडू नका, एकदा खोली गेली की तुम्हाला कोणी ओळखणार नाही. चाळीतल्या शेंबड्या पोरांनाही हे पाठ होतं. आणि याने दिली. बाबूने स्वतःच ती एकदा उलटीपालटी करून पाहिली. मग त्याने चावी खिशात टाकली, यादीत आमच्या नावापुढे इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि पुढच्या दाराशी गेला.

मी पोळ्या लाटत होते. लाटणं घेऊनच बाहेर आले.

"चावी का दिलीत?"

"त्याने हात पुढे केला," नवरा म्हणाला.

मला ते कळलं, म्हणून आणखी संताप झाला. बावीस वर्षं तो विणाईखात्यात साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होता. तिथे इतका खडखडाट की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. पाळी बदलताना पुढचा माणूस येऊन हात पुढे करायचा, याने सुताचा धोटा त्याच्या हातात द्यायचा आणि घरी यायचं. पुढचा आल्याशिवाय साचा सोडायचा नाही आणि हात दिसला की काही विचारायचं नाही. बावीस वर्षं असं केल्यावर माणसाची अक्कल डोक्यातून मनगटात उतरते. कोणी हात पसरला असता तर त्याने मलाही देऊन टाकलं असतं.

मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने यादीत डोकावून तो शब्द वाचला होता. सरेंडर्ड.

हा एक इंग्रजी शब्द मला ठाऊक होता. चंबळचे डाकू सरेंडर झाले की पेपरात फोटो यायचे. त्यांनी बंदुका खाली ठेवल्या, त्यांना हार घातले, जमिनी दिल्या म्हणे. माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात कोणाला चापट मारली नव्हती. त्याने चावी ठेवली, त्याला ते पेनसुद्धा मिळालं नाही.

संध्याकाळी मी शहरातच स्नेहलतागंजला दिराकडे गेले. दीर शिकलेला, सरकारी कचेरीत, घर स्वतःचं. मी चौथी पास. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एक जाडं पुस्तक काढलं.

"वहिनी, इथे तीन शब्द आहेत, त्यात घोळ करू नका. हँडओव्हर म्हणजे नुसतं हातात देणं. सरेंडर म्हणजे समोरच्याच्या जोरापुढे देणं. रिलिंक्विश म्हणजे आपला हक्कच सोडून देणं. दादाने केलंय हँडओव्हर, त्यांनी लिहिलंय सरेंडर, आणि रिलिंक्विश तर झालेलंच नाही!"

"मग चावी परत मिळेल?"

"तो मुद्दा वेगळा. मी शब्दांचं सांगतोय."

जाऊबाईंनी पोहे आणले. दिराने तेवढ्यात चौथा शब्द शोधला होता, राजे लोक मुलूख देतात तेव्हाचा. मी पोहे खाल्ले, बशी विसळून ठेवली आणि उठले. एका चावीला तीन शब्द. चोरसुद्धा एका कुलपाला एकच पहार आणतो. आणि या तिन्ही शब्दांत देणारा तेवढा दिसतो, घेणारा कुठे नाहीच. जसा काही माझा नवराच रिकामा फिरत होता, कोणाला काय देऊ म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मिलच्या गेटवर गेले. बाबू तोच, टेबलावर पाय लांब करून.

"बाईजी, आपके आदमी ने खुद दी है. व्हॉलंटरी."

"म्हणजे?"

"अपनी मर्जी से."

"त्याला मर्जी असती तर तुमच्या मिलमध्ये बावीस वर्षं राहिला असता का?"

शेजारचा शिपाई हसला. बाबूने पाय खाली घेतले.

"देखो काकी, प्रेम से कह रहा हूँ, खाली कर दो."

"प्रेमाने घरी बायकोला सांगा. नाही केली खाली तर?"

तो मूर्ख होता, म्हणून खरं बोलून गेला. "बैठी रहो. आदमी अंदर है तो हम ताला कैसे लगाएँ? जिस दिन खोली सूनी मिली, उस दिन हमारा ताला."

म्हणजे चावीला काही किंमतच नव्हती. किंमत होती ती आत माणूस असण्याला. मला एकदम कडेच्या खोलीतलं कुटुंब आठवलं. सगळी जणं देवासला लग्नाला गेली आणि परत आली तर दाराला दुसरंच कुलूप, वर लाखेचं सील. वर्तमानपत्रात रोज येत होतं की देशाची दारं परदेशी मालाला उघडली. आमच्या चाळीत कुलपं येत होती.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "पाळ्या लावायच्या. पुढचं माणूस आत आल्याशिवाय आधीच्याने हलायचं नाही."

बाकी काही समजवावं लागलं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी पूर्ण कळलं होतं. सकाळची पाळी सासूबाईंची, दुपारची माझी, शाळा सुटल्यावर मुलीची, उरलेली त्याची. पुढचा आला की चौकटीला हात लावायचा, मगच आधीचा उठायचा. दाराला कुलूप म्हणून लावलंच नाही.

असं सोळा वर्षं केलं. चौघं मिळून कुठे गेलो नाही, देवळातही नाही. मुलीचं लग्न हातोदला झालं. मंगलाष्टकं म्हणत होते तेव्हा तिचा बाप इथे खोलीत बसून होता. त्याने स्वतःच सांगितलं होतं की माझी पाळी आहे. जाऊबाई याला हट्ट म्हणाल्या. त्यांच्या दाराला त्यांचंच कुलूप होतं, त्यांना बोलायला काय जातं.

बाबू तीनदा येऊन गेला. एकदा सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्याने विचारलं, "अम्माजी, घर में कौन है?" त्या म्हणाल्या, "दिसत नाही का? मी आहे." पुढे तोही कुठे नोकरी शोधत फिरताना दिसला. त्याच्याकडून काय काय सरेंडर करून घेतलं ते मी विचारलं नाही.

दिराने मरेपर्यंत ते पुस्तक जपलं.

या खोलीत आम्ही चौघं होतो. सासूबाई इथेच गेल्या, नंतर सोळाव्या वर्षी नवराही. मुलगी हातोदला आहे. आता सगळ्या पाळ्या माझ्या. मी खोलीत आहे.