पाणाड्याचा नारळ आणि वसुधाची पाठ

भुतं, भानामती, अंगात येणं... माझ्या मते सगळं थोतांड. आजही. तरी हे लिहितोय, कारण पोटात ठेवून ठेवून कंटाळलो.

गाव धारूर तालुक्यातलं, डोंगराच्या कडेला. दुष्काळाचं वर्ष. मी आमच्या दूध सोसायटीचा सचिव. धाकटी बहीण वसुधा तिथंच दुधाचं फॅट तपासायची. तिला जन्मापासून थॅलेसेमिया – रक्त कायम कमी, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. महिनाभर तिचे पाय बधिर होत होते. अशक्तपणा असेल, आम्ही म्हणालो.

जनावरांच्या पाण्यासाठी सोसायटीनं बोअर घ्यायचं ठरवलं आणि चेअरमननी जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या आणला. मी नको म्हटलं. माझं कोण ऐकतंय! म्हातारा तळहातावर नारळ आडवा ठेवून अख्खं आवार फिरला. काहीच नाही. दारात वसुधा स्टुलावर बसली होती. तिच्या मागून जाताना नारळ टक्कन उभा राहिला.

"ऊठ गं बाई, खाली पानी हाय!" चेअरमन ओरडले. ती उठून लिंबाखाली बसली. नारळ आडवा. म्हातारा लिंबाकडं गेला... पुन्हा उभा!

"पानी न्हाई सायेब. ह्या लेकीच्या पाठीत कायतरी पाझरायलंय, मणक्याजवळ. दवाखान्यात न्या."

लोक हसले. मी तापलो. "नाटकं बंद करा बाबा!" म्हणून त्याला हाकललं. वसुधा मात्र रडायला लागली. "दादा, तिथंच लई जड वाटायलंय."

पाणाड्याचं ऐकून सचिव दवाखान्यात पळाला, असं गाव म्हणेल – या लाजेपायी मी अकरा दिवस घालवले. बाराव्या दिवशी तिला उभंच राहता येईना.

औरंगाबादला एमआरआय काढला. मणक्याला चिकटून गाठ. कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाले, "हाडातल्या मगजाला पुरेसं रक्त करता येत नाही, म्हणून शरीरानं हाडाबाहेरच रक्त तयार करायला सुरुवात केलीय. ती गाठ नसांवर दाबतेय." रक्त चढवलं, रेडिएशन दिलं. उजवा पाय सुधारला. डावा नाही.

म्हाताऱ्याला कसं कळलं? बोलाफुलाला गाठ म्हणावं, तर नारळ दोनदा उभा राहिला. मला माहीत नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांनाही नाही.

डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, "आधी काही कळलं नव्हतं का? आठवडाभर आधी आणलं असतं तर..." वसुधा माझ्याकडं बघत होती.

"नाही साहेब," मी म्हणालो, "काहीच कळलं नाही."

त्यावर ती आजतागायत एक शब्द बोललेली नाही.